भिंतीवरचा गोळा, कोपऱ्यातली पिशवी: घरातल्या कीटकांची बांधकामं ओळखायची कशी?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आपण घर आपलं मानतो. सातबारा, करारनामा, मेन्टेनन्सची पावती, सगळं आपल्या नावावर असतं. पण त्याच घरात, त्याच भिंतींवर आणखी पंधरावीस जातींचे जीव आपापली बांधकामं करून राहत असतात. त्यांनी कुणाची परवानगी घेतलेली नसते. आपल्याला ते जीव क्वचितच दिसतात. दिसतं ते त्यांचं बांधकाम. खिडकीच्या चौकटीत मातीचा गोळा. छताच्या कोपऱ्यात जळमट. दाराच्या मागे खालून वर चढत गेलेली मातीची रेघ. कपाटाच्या फळीवर रव्यासारखे दाणे.

हे दिसलं की आपण काय करतो? दोनच गोष्टी. झाडू नाहीतर फवारा. आणि इथेच गफलत होते. बहुतेक घरांत डोळ्यात भरणारा, मोठा, कुरूप मातीचा गोळा घाबरून पाडला जातो, त्यावर अर्धा डबा औषध मारलं जातं. आणि दाराच्या चौकटीमागची पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ 'पुसून टाकू कधीतरी' म्हणून राहते. वास्तविक त्या गोळ्यातला जीव तुमचं काहीही बिघडवत नव्हता, आणि ती रेघ तुमची चौकट आतून खात होती. म्हणून ओळखता आलं पाहिजे. कीटकशास्त्राचा अभ्यास करायची गरज नाही. बांधकाम वाचता आलं की पुरे.

आधी पाच प्रश्न

समोर काहीतरी अनोळखी दिसलं की स्वतःला पाच प्रश्न विचारायचे. एक, हे कशाचं केलंय: माती, कागद, रेशीम, मेण, की भुसा? दोन, कुठे आहे: आडोशाला कोरड्या जागी, जमिनीला लागून, की लाकडात? तीन, दार कसं आहे: बंद, उघडं, एक भोक की अनेक? चार, आकार केवढा? आणि पाच, आत काय आहे? पाचवा प्रश्न शेवटी विचारायचा, कारण त्यासाठी ते फोडावं लागतं.

यातला पहिला प्रश्न सर्वांत कामाचा. प्रत्येक जिवाचं बांधकामाचं साहित्य ठरलेलं असतं. कोळी माती लिंपत नाही आणि वाळवी जाळं विणत नाही. त्यामुळे साहित्य कळलं की निम्मी ओळख पटलीच. आपण त्याच क्रमाने जाऊ.

माती: पाहुणी आणि चोर

मातीचं बांधकाम घरात मुख्यतः दोघांचं असतं. एक कुंभारीण माशी, दुसरी वाळवी.

कुंभारीण तुम्ही पाहिलेली असते. लांबट, काळी, पिवळ्या पायांची, आणि कंबर म्हणजे नुसता दोरा. आपल्याकडच्या घरांत सर्रास दिसणारीचं शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन मद्रासपटानम. नावातच मद्रास आहे. नळाखालच्या, कुंडीखालच्या ओल्या मातीवर ती उतरते, छोटी गोळी करते आणि तोंडात धरून आणते. गोळी लावताना ती गुणगुणते. कान देऊन ऐका, अगदी स्पष्ट ऐकू येतं. एकेक गोळी लावून ती साधारण बोटाच्या एका पेराएवढी नळी बांधते. मग शिकारीला जाते, आणि शिकार कुणाची? कोळ्यांची. कोळ्याला डंख मारून ती बधिर करते, मारत नाही. मेलेला कोळी सडेल. बधिर कोळी ताजा राहतो. फ्रिज नसलेल्या जगात साठवणीची याहून चांगली सोय नाही. एका नळीत असे बरेच कोळी कोंबते, एक अंडं घालते, तोंड मातीने बंद करते आणि पुढची नळी सुरू करते. पाच-सहा नळ्या झाल्या की सगळ्यांवरून मातीचा थर देते. म्हणून बाहेरून ते कुणीतरी चिखलाचा गोळा भिंतीवर फेकून मारल्यासारखं दिसतं.

आता ओळखायचं कसं? गोळा मुठीएवढा किंवा त्याहून लहान, कोरड्या आडोशाला, जमिनीपासून वर, आणि जमिनीशी त्याचा कसलाही संबंध नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. त्यावर गोल, स्वच्छ भोकं दिसली तर आतली पिल्लं मोठी होऊन उडून गेली. घर रिकामं आहे. आता त्यावर औषध मारणं म्हणजे भाडेकरू गेल्यावर दाराला नोटीस चिकटवणं. (हशा) भोकं नसतील तर आत अळ्या किंवा कोष आहेत. तरीही भीती नाही. ही माशी एकटी राहते, तिचा कळप नसतो आणि ती घरट्याच्या रक्षणासाठी अंगावर येत नाही. हातात दाबून धरली तरच डंख मारेल.

तिची चुलत बहीण म्हणजे मडकं बांधणारी माशी. तिचं घरटं खरोखर मडक्यासारखं असतं: पोट गोल, आखूड मान आणि काठ बाहेर वळवलेला. मोठ्या जातींत अशी अनेक मडकी एकत्र करून वरून लिंपलेली असतात, मग फरक बाहेरून कळत नाही. जुनं, रिकामं घरटं फोडून बघितलंत तर कळतो. आत कोळ्यांचे पाय सापडले तर ती कुंभारीण. सुरवंटांचे अवशेष सापडले तर मडकेवाली. ती कोळी नाही, अळ्या भरते. म्हणजे तुमच्या बागेतल्या, शेतातल्या अळ्या.

आपल्या परंपरेत एक दृष्टान्त आहे, तुम्ही कीर्तनात ऐकला असेल: कीट-भृंग न्याय. भृंगी एका किड्याला धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते, आणि तो किडा भीतीने सतत तिचंच ध्यान करता करता स्वतः भृंगी होऊन बाहेर पडतो. भक्त देवाचं ध्यान करून देवरूप होतो, हे सांगायला हा दृष्टान्त. आता बघा, निरीक्षण किती अचूक आहे! अळी आत गेली, हे पाहिलं. गुणगुण ऐकली, ती गोळी लावतानाची. काही आठवड्यांनी माशी बाहेर आली, हेही पाहिलं. फक्त मधली गोष्ट भिंतीआड घडली: आत एक अंडं होतं, त्यातून निघालेल्या पिल्लाने ती अळी खाल्ली. दृष्टान्ताचा अर्थ त्याच्या जागी ठेवू; पण हे पाहणारी माणसं भिंतीकडे लक्ष देऊन बघत होती, एवढं नक्की.

फ्रान्समध्ये झाँ-आन्री फाब्रने याच गटातल्या माश्यांवर एक प्रयोग केला. फाब्र म्हणजे १८२३ ते १९१५ या काळातला मोठा कीटकनिरीक्षक. त्याने माशीचं घरटं भिंतीवरून काढून घेतलं. माशी परत आली आणि घरटं नसलेल्या रिकाम्या जागेवरच मातीचा थर देत राहिली. कामाचा टप्पा लिंपण्याचा होता, म्हणून लिंपत राहिली. आपल्याकडेही काही कार्यालयांत असं चालतं, पण तो वेगळा विषय. (हशा)

कुंभारीण निरुपद्रवी म्हटलं, त्याला एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. या गटातल्या काही माश्या तयार भोकात घर करतात: कुलुपाचं भोक, प्लगची पिनं, नळी, पाइपचं तोंड. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या प्वेर्तो प्लाता इथून उडालेलं बोईंग ७५७ विमान समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. विमानाचा वेग मोजणारी बाहेरची नळी बंद झाल्याने वैमानिकांना चुकीचा वेग दिसत होता. विमान त्याआधी बरेच दिवस उभं होतं आणि नळीवर झाकण नव्हतं. कुंभारीण माशीने आत घर केलं असावं, हा तपासातला मुख्य संशय. नळी समुद्रातून मिळाली नाही, त्यामुळे तो संशयच राहिला. पण तेव्हापासून विमानतळांवर या माश्यांकडे कुणी किरकोळ म्हणून बघत नाही.

तुमच्या घरात विमान नाही, पण गॅस गीझर असेल. त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप, एसीचं पाणी सोडणारी नळी, बरेच दिवस न वापरलेला प्लग, यांची तोंडं मातीने बुजलेली आहेत का, हे अधूनमधून बघा. बंद घर उघडून गॅस गीझर लावण्याआधी तर बघाच. धूर कोंडला तर तो विषारी वायू वासानेही कळत नाही. मातीचा गोळा भिंतीवर असेल तर राहू द्या. पाइपच्या तोंडात असेल तर लगेच काढा.

आता दुसरा कारागीर. वाळवी. तिचं बांधकाम गोळा नसतं, रेघ असते. जमिनीतून, पायातून, फरशीच्या सांध्यातून निघते आणि वर चढते. साधारण पेन्सिलीएवढी रुंद. माती, लाळ आणि विष्ठा यांचा हा झाकलेला बोगदा. कशासाठी? वाळवीचं अंग मऊ, पातळ कातडीचं. उघड्या हवेत ती सुकते, शिवाय मुंग्या टपलेल्या असतात. म्हणून ती अंधार आणि ओलावा बरोबर घेऊनच प्रवास करते. कुंभारणीचा गोळा जमिनीपासून तुटलेला असतो; वाळवीची रेघ जमिनीला जोडलेली असते. एवढा एक फरक घरी जाऊन सगळ्यांना सांगितलात तरी आजचं व्याख्यान कारणी लागलं.

रेघ जिवंत आहे की जुनी, हे कसं कळणार? मधलाच बोटभर तुकडा हळूच काढा. पांढरट किडे धावताना दिसले तर प्रश्न संपला. नाही दिसले तर दोन-चार दिवसांनी परत बघा. फट बुजवलेली असेल तर आत वाहतूक चालू आहे. पण बुजवली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यांनी वाट बदललेली असू शकते. चौकटीवर बोटाने टकटक करा, पोकळ आवाज येतो का बघा.

आणि ही रेघ नुसती पुसू नका. रॉकेल ओतूनही काही होत नाही. राणी आणि वसाहत जमिनीत आहे. तुम्ही फक्त रस्ता उखडला. रस्ता दुरुस्त होतो. यासाठी जमिनीत औषध देणारा परवानाधारक माणूसच लागतो, आणि त्याच्याआधी गळका पाइप दुरुस्त करावा लागतो, कारण वाळवी पाण्याच्या मागे येते. आपण जिला वारूळ म्हणतो, तेही मुंग्यांचं नाही, वाळवीचं. नाग तिथे फक्त राहायला येतो. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण कुणी डोळे उघडे ठेवूनच केलेली आहे.

भुसा: रवा की मैदा?

लाकडाखाली पडलेली पूड हीसुद्धा एक खूण आहे. चिमूटभर घ्या, काळ्या कागदावर टाका आणि बोटाने चोळा.

रव्यासारखे, खसखशीसारखे वेगवेगळे दाणे लागले तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमीन लागत नाही, मातीची रेघही नसते. हे दाणे म्हणजे तिची विष्ठा. भिंगातून बघितलं तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात. पूड मैद्यासारखी गुळगुळीत असेल आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील, तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. बांबूच्या टोपल्या, वेताच्या खुर्च्या, स्वस्त लाकडाच्या फळ्या ही त्याची आवडती ठिकाणं. आणि बोट जाईल एवढं स्वच्छ गोल भोक वाशाला किंवा बांबूला असेल आणि खाली जाडसर भुसा असेल, तर तो काळा भुंगा. तो लाकूड खात नाही, आत फक्त घर करतो. समोर येऊन घोंघावत दरडावणारा बहुधा नर असतो, आणि नराला नांगीच नसते.

पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंखांचा खच पडतो, तेव्हाही जरा वाकून बघा. चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी. पुढचे मोठे, मागचे लहान असतील तर पंखवाल्या मुंग्या. खच घराबाहेरच्या दिव्याखाली असेल तर पाऊस लागला एवढाच अर्थ. बंद खोलीत, खिडक्या लावलेल्या असताना पंख सापडले, तर वसाहत घरातच असण्याची शक्यता आहे.

कागद आणि मेण: इथे अंतर राखा

राखाडी, कागदासारखं, खालून उघडं, षटकोनी कप्प्यांचं आणि एका देठावर लटकलेलं घरटं म्हणजे गांधीलमाशीचं. तो कागदच असतो. लाकडाचे तंतू कुरतडून, लाळेत मळून केलेला. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरने १७१९ साली हेच पाहून सुचवलं होतं की कागद चिंध्यांऐवजी लाकडापासूनही करता येईल. माणसाला ते जमायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली.

आपल्याकडच्या छज्ज्यांखाली, ग्रिलमध्ये दिसणाऱ्या अशा घरट्यांपैकी एक जात आहे रोपालिडिया मार्जिनाटा. तिच्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी काही दशकं काम केलं आहे. गंमत म्हणजे तिच्या वसाहतीत राणी ही सगळ्यांत शांत असते. धाकदपटशा न करता राज्य चालवते. राणी काढून घेतली की कामकऱ्यांतली एक एकदम आक्रमक होते, आणि तीच पुढची राणी बनते. राणीपद पक्कं झालं की तीही शांत होते.

पण इथे कुंभारणीचा नियम लावू नका. ही माशी समूहाने राहते आणि घरट्याला धक्का लागला तर चावते, एकीच्या मागे दुसरी येते. उंचावर, वावर नसलेल्या कोपऱ्यात असेल तर राहू द्या; या माश्यासुद्धा अळ्या खातात. दाराशी, मुलांच्या हाताच्या टप्प्यात, झोपाळ्याच्या वर असेल तर काढायलाच हवं, पण काठीने नाही आणि भर दुपारी नाही. जाणकार माणूस बोलवा. घरट्याला बाहेरून पूर्ण कागदी आवरण असेल, चेंडूसारखं, तर मोठ्या जातीच्या गांधीलमाश्या असू शकतात. तिथून मुकाट्याने लांब व्हा.

मेणाचं पोळं एकच, उघडं, सुपाएवढं किंवा त्याहून मोठं, पाण्याच्या टाकीला किंवा वरच्या मजल्याच्या सज्ज्याला लटकलेलं असेल तर ते आग्या मोहोळ. त्याच्याशी खेळ नाही. खाली धूर, फटाके, दगड, काहीही नको. तळहाताएवढं, झुडपात किंवा बाल्कनीच्या तारेवर असेल तर फुलोरी माशी, स्वभावाने बरीच नरम. भिंतीच्या फटीतून काळपट मऊ मेणाची नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्या तोंडाशी माशीएवढ्याही नाहीत असे बारीक काळे जीव ये-जा करताना दिसले, तर त्या पोयाच्या माश्या. त्यांना डंखच नसतो. ती नळी त्यांचा दरवाजा. कृपा करून सिमेंटने बुजवू नका.

रेशीम: जाळं कुणाचं आणि जळमट कुणाचं?

छताच्या कोपऱ्यातलं विस्कटलेलं जाळं आणि त्यात उलटा लटकलेला लांब, केसासारख्या पायांचा कोळी. बोट लावलं की तो स्वतःला असा गदगदा हलवतो की दिसेनासा होतो. हा घरात डासही पकडतो. त्याची मादी अंडी जबड्यात धरून फिरते. आपण ज्याला जळमट म्हणतो, ते सोडून दिलेलं जाळं, धूळ बसलेलं. त्यात कोळी नसतो. तेव्हा जळमट खुशाल काढा, फक्त त्याआधी आत रहिवासी आहे का एवढं बघा.

भिंतीवर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, चपटी पांढरी चकती चिकटलेली असते आणि कडेला मुंग्यांची वाळलेली कलेवरं. ते भिंतीवरच्या छोट्या कोळ्याचं घर; तो मुंग्या खातो. पडद्याच्या चुणीत, खिडकीच्या खाचेत पांढरी, दोन्ही बाजूंनी उघडी पिशवी असते, ती उडी मारणाऱ्या कोळ्याची झोपायची खोली. आणि तळहाताएवढा, चपटा, जाळंच न विणणारा, रात्री न्हाणीघरात दिसून किंकाळी फोडायला लावणारा मोठा कोळी? तो झुरळं खातो. त्याची मादी पोटाखाली पांढरी चकती धरून फिरते. ती अंड्यांची पिशवी, कागदी टिकलीसारखी. किंकाळीनंतर त्याला कागद आणि डब्याच्या मदतीने बाहेर सोडता येतं.

कपाटामागे पांढरे, टणक, गोल, दोन-दोन चिकटलेले गोळे दिसले तर ती कोळ्याची नाहीत, पालीची अंडी. कोळ्याची पिशवी नखाने ओढली की तंतू निघतात. पालीचं अंडं खडूसारखं फुटतं.

चालणारी बी

आता ज्याबद्दल सगळ्यांत जास्त विचारलं जातं तो जीव. भिंतीवर राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी, साधारण एक सेंटिमीटरची वस्तू. आधी वाटतं सिमेंटचा कण. मग तो कण चालायला लागतो. ही एका बारीक पतंगाची अळी. रेशमाची पिशवी विणते, त्यावर वाळू, धूळ, भिंतीचा चुरा चिकटवते आणि ती पिशवी ओढत हिंडते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी. अळी आतल्या आत वळून कुठल्याही बाजूने डोकं काढते. खाते काय? जुनी जळमटं, केस, मेलेल्या किड्यांचे अवशेष, लोकर. म्हणजे ती दिसली याचा अर्थ एवढाच की त्या खोलीत कोपरे बरेच दिवस झाडलेले नाहीत. औषध नको. झाडू आणि व्हॅक्यूम पुरे. जळमट गेलं की तिचा शिधा संपला. फक्त लोकरीचे कपडे आणि गालिचे तेवढे तपासा.

झुरळाची डबी

गडद तपकिरी, वालाच्या दाण्याएवढी, एका कडेला शिवण असलेली डबी म्हणजे झुरळाची अंडी. मोठ्या झुरळाच्या एका डबीत साधारण चौदा ते सोळा अंडी असतात आणि ती ड्रॉवरच्या मागे, पुठ्ठ्याच्या खोक्यात चिकटवलेली सापडते. स्वयंपाकघरातलं लहान, फिकट झुरळ मात्र पिल्लं बाहेर यायची वेळ होईपर्यंत डबी पोटाला लावूनच फिरतं, आणि त्यात तीस-चाळीस अंडी. म्हणून लहान झुरळ जास्त वेगाने वाढतं.

सापडलेली डबी नीट बघा. शिवण उकललेली असेल तर पिल्लं निघून गेली. पण डबीच्या अंगावर एकच गोल भोक असेल तर बातमी चांगली आहे. खिडकीच्या काचेवर काळी, बारीक, पोट निशाणासारखं वरखाली हलवणारी एक माशी कधी बघितली आहे? ती झुरळाच्या डबीत अंडं घालते. तिचं पिल्लू आतली सगळी अंडी खाऊन त्या भोकातून बाहेर पडतं. आपल्याला ती चावत नाही. आपण मात्र तिला 'काळी माशी' म्हणून मारतो आणि झुरळांसाठी औषध आणतो.

उंबराचं फूल

शेवटचं बांधकाम फार छोटं आहे. दिव्यावर, काचेवर, पानावर केसाएवढ्या बारीक पांढऱ्या देठांवर उभे असलेले मोहरीहूनही लहान पांढरे ठिपके. हिरव्या, जाळीदार पंखांच्या एका कीटकाची ही अंडी. तिच्या अळ्या मावा खातात. देठ अशासाठी की मुंग्या पोहोचू नयेत आणि आधी निघालेल्या पिल्लाने शेजारचं अंडं खाऊ नये.

चीन आणि कोरियात बुद्धमूर्तीवर असे ठिपके दिसले की 'उदुंबराचं फूल उमललं' अशी बातमी होते, लोक दर्शनाला जातात. आपल्याकडेही सहसा न भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. तिथे ते फूल दिसलं म्हणून गर्दी होते, आणि प्रत्यक्षात ती मावा खाणाऱ्या किड्याची अंडी असतात. माझ्या मते त्याने काही कमी होत नाही.

तर गोळाबेरीज अशी. जमिनीला जोडलेली मातीची रेघ, रव्यासारखे दाणे, मैद्यासारखी पूड: वेळ घालवू नका. समूहाने राहणाऱ्या माश्यांची घरटी: अंतर राखा, जागा बघून ठरवा. नळी, पाइप, प्लग यांच्यात बसलेली माती: काढा. बाकी गोळे, चकत्या, पिशव्या: आधी भोक बघा. बहुतेक वेळा आपल्याला बांधकाम दिसतं तेव्हा मालक केव्हाच गेलेला असतो, आणि त्या रिकाम्या घरावर मारलेलं औषध शेवटी आपल्याच श्वासात जातं.

श्रोत्यांचे प्रश्न

*अंगावर कोळी फिरला की पुरळ येतं, हे खरं का?*

सहसा नाही. सकाळी उठल्यावर मानेवर, हातावर जळजळणारा लाल पट्टा आणि फोड दिसतो, तेव्हा बरेचदा कारण वेगळं असतं. पावसाळ्यात दिव्याला येणारा एक बारीक, नारिंगी-काळा, लांबट किडा असतो. तो कातडीवर चिरडला गेला की त्याच्या अंगातलं रसायन भाजल्यासारखं करतं. तो चावत नाही, म्हणून अंगावर बसला तर मारू नका, फुंकून उडवा आणि जागा साबणाने धुवा. पट्ट्यासारखे फोड एकाच बाजूला आले आणि दुखत असतील तर ती नागीणही असू शकते. डॉक्टरांना दाखवा, कोळ्यावर सोपवू नका.

*गांधीलमाशी चावली तर काय करावं?*

आधी तिथून दूर व्हा. जागा धुवा, बर्फ लावा. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो लगेच काढा. गांधीलमाशीचा राहत नाही. नुसती सूज आणि दुखणं उतरतं. पण श्वास लागला, ओठ किंवा चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. एकच डंख असला तरी. आणि एकदम अनेक डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी दाखवून या.

*आमच्या देवघरात कुंभारणीने घर केलंय. घरचे म्हणतात शुभ असतं, पाडायचं नाही. खरं काय?*

शुभ-अशुभ तुमच्या घरचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगतो की भोकं पडेपर्यंत थांबलात तर कुणाचंच नुकसान नाही. मग ओलं फडकं लावा, माती निघून जाते. थांबायचं कारण वेगवेगळं असलं तरी या बाबतीत घरचे आणि मी एकाच बाजूला आहोत. (हशा, टाळ्या)